अल्बमच्या सीडीवरची छपाई, घरच्या घरी

मित्राच्या बँडचा अल्बम तयार झाला. कार्यक्रमानंतर विकायला थोड्याच सीडी हव्या होत्या आणि एवढ्याशा प्रतींसाठी बाहेरची छपाई परवडेना, म्हणून ते काम माझ्या प्रिंटरवर आलं.

चिकटवायची कागदी लेबलं मी आधीच बाद केली. लेबल जरा तिरकं बसलं की चकतीचा तोल जातो, आणि कॉम्प्युटरचा ड्राइव्ह ४८एक्स वेगाला तिला मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे देतो. गाडीतल्या प्लेअरमध्ये उष्णतेने कागदाची कड सुटली तर सीडी आतच अडकते. त्यापेक्षा प्रिंटेबल सीडी बऱ्या. त्यांच्यावर शाई शोषणारा पांढरा थर असतो. इंकजेट प्रिंटरला सीडीचा ट्रे मात्र हवा.

खरा वेळ गेला तो डिझाइनमध्ये. मित्राने कव्हरचंच चित्र पाठवलं होतं: गायिकेचा चेहरा नेमका मध्यभागी, म्हणजे सीडीचं भोक थेट नाकावर! चेहरा काढून मी फक्त मागची रेघारेघांची नक्षी ठेवली. चकती १२० मिमी, भोक १५ मिमी. पण शाई धरणारा भाग माझ्या सीडींवर २३ ते ११८ मिमी एवढाच होता. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १२० मिमी म्हणजे साधारण १४१७ पिक्सेल. मी थोडी मोठी फाइल केली, म्हणजे ट्रे किंचित सरकला तरी कडेला पांढरी रेघ उमटत नाही.

बँडचं नाव गोलाकार वळवायचा मित्राचा हट्ट होता. देवनागरी वळवली की शिरोरेषा अक्षराअक्षरात तुटते आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर चढतात. नाव वरच्या अर्ध्यात सरळ ओळीत घेतलं, गाण्यांची यादी खाली. पडद्यावरचा गडद निळा छपाईत जवळजवळ काळा येतो, तोही उजळून घेतला. नमुना साध्या कागदावर काढून त्यावर चकती ठेवून पाहिली.

क्रम महत्त्वाचा: आधी बर्न (सीडीवर गाणी उतरवणं), मग प्रत्येक सीडी ऐकायची, मगच छपाई. नाहीतर बिघडलेल्या सीडीवर शाई वाया जाते. छापलेल्या सीडी मी दिवसभर उघड्या सुकवल्या. ओल्या बोटाने शाई तरीही पसरते, हे विकणाऱ्यालाही सांगून ठेवलं.

बँडला सह्या करायच्या होत्या. सीडीत माहितीचा थर वरच्या बाजूलाच, पातळ लॅकरखाली असतो, बॉलपेनच्या टोकाने तो दुखावतो. म्हणून मऊ टोकाचा सीडी मार्कर दिला. ढोलकीवाल्याने तरीही खिशातलं पेन काढलंच. त्याला सही करायला कव्हर दिलं.