आत्याच्या उशाशी ठेवलेली वही

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी आत्यासाठी गंभीर आजारातल्या वेदना आणि त्रास हलका करणारी पॅलिएटिव्ह केअर सुरू झाली, तेव्हा "म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले काय?" असे शेजारणींनी दबक्या आवाजात विचारले, आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच होते. वस्तुस्थिती तशी नाही. ही सेवा केमोथेरपी चालू असतानाही घेता येते आणि हृदय, मूत्रपिंड किंवा फुप्फुसाच्या गंभीर आजारांतही तितकीच उपयोगी पडते.

मॉर्फिनच्या गोळीची मला धास्ती होती. पण वेदना असह्य होण्याची वाट न पाहता ती ठरलेल्या वेळी, दर चार तासांनी द्यायची आणि सोबतचे बद्धकोष्ठतेवरचे औषध चुकवायचे नाही, हे परिचारिकेने वहीत रकाने आखून समजावले.

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस हे अखेरच्या आजारातल्या रुग्णांचे शुश्रूषागृह उभारणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी मांडले होते की, वेदना शरीराइतकीच मनाची, नात्यांची आणि पैशाच्या काळजीचीही असते. दुखणे उतरल्यावर आत्याने आधी पासबुकाची चौकशी केली, मग चमचाभर पांढरा रस्सा मागितला, आणि तो जिभेवर घोळवून "मीठ कमी हाय" म्हणत वाटी सरकवली.