कानामागचा रंग

काल रात्री जत्रेतलं नाटक संपलं. फोंड्याजवळच्या देवळात, मंडपामागे दादा खोबरेल तेलाच्या बोळ्याने रंग पुसत होता. उजव्या कानामागे थोडा तसाच राहिला होता.

"दादा, काय काम केलंस रे!"

"डॉ. लागू कान-नाक-घशाचे सर्जन. १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर पूर्णवेळ नाटकात उतरले. माझी चाळिशी कधीच गेली," एवढंच म्हणाला. सकाळी आठची ड्युटी, लगेच स्कूटरला किक मारली.

लागूंचा १९७० चा 'नटसम्राट', १९७२ चा 'पिंजरा' सगळ्यांना आठवतो. त्याआधीची, पेशंट तपासून तालमीला पळायची वर्षं कोण मोजतं? दादा अजून त्याच वर्षांत आहे, असं मला मनापासून वाटतं.

तो रंग सांगायचा राहूनच गेला. आज ऑफिसात कुणाला दिसला असेल का?