१२ व्होल्ट दिसले म्हणजे पंपच गेला असं नसते भाऊ

मे महिन्यातलं नागपूर, पारा ४५ च्या वर, वर्धा रोडचा सिग्नल आणि एसी फुल. मेव्हण्याची गाडी नेमकी अशाच वेळी टेंपरेचरची लाल बत्ती दाखवायची, सकाळी थंड्यात मात्र एकदम शहाण्यासारखी चालायची. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, कूलंट पंपाच्या (इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) सर्किटचा पी२६०० कोड निघाला, मग पंपाचा कनेक्टर काढून मल्टिमीटर टोचला तर १२.५ व्होल्ट. सप्लाय बरोबर येऊन राहिला म्हणे, म्हणजे पंप गेला, नवीन टाका. किंमत ऐकून मेव्हण्याचा मला फोन, "भाऊजी, हे लोक बनवून तं नाही राहिले नं मले?"

बनवत नव्हता तो. पण त्याची टेस्ट अर्धीच होती, आणि हीच अर्धी टेस्ट मी इतक्या ठिकाणी पाहिलीय की आता लिहूनच टाकतो.

आधी एक गोष्ट, पी२६०० हा कोड 'पंप खराब' असं म्हणतच नाही, तो म्हणतो पंपाच्या कंट्रोल सर्किटमध्ये लोचा आहे, आणि सर्किट म्हटलं की त्यात फ्यूज, रिले (विजेने चालणारा स्विच), वायर, कनेक्टर, अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे परत जायची वाट) सगळंच आलं. जुन्या गाड्यांत हा प्रश्नच नव्हता, पंप बेल्टवर फिरायचा. बीएमडब्ल्यूच्या एन५२ इंजिनात २००४ च्या सुमारास बेल्ट काढून २०० वॅटचा इलेक्ट्रिक पंप आला, आता टर्बो आणि हायब्रिड गाड्यांत कुठे मेन तर कुठे छोटा जोडीचा, असे इलेक्ट्रिक पंप बरेच दिसतात.

आता २०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर साधारण १६-१७ अँपिअर. पंप हळू फिरत असेल तर समजा ३ अँपिअरच घेतो. रस्त्यात कुठे गंजलेल्या जोडामुळे ०.२ ओहमचा रेझिस्टन्स असला तर ३ अँपिअरला ०.६ व्होल्ट खाल्ले जातील, कोणाला कळणारही नाही. पण इंजिन तापलं, पंपाला फुल स्पीडचा हुकूम आला की १६ अँपिअरला ३.२ व्होल्ट गायब! म्हणून सकाळी ठीक आणि दुपारी बोंब. आणि कनेक्टर काढून मोजलं तर करंटच वाहत नाही, मग ड्रॉप, म्हणजे वाटेत खाल्लेले व्होल्ट, कुठून दिसणार, मीटर बिचारा १२.५ च दाखवणार. ओहमच्या रेंजवरही हे सापडत नाही बरं का, मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स जवळपास तेवढा असतो.

मग करायचं काय, तर कनेक्टर लावलेलाच ठेवायचा, मागून बारीक पिन घालायची, स्कॅनरच्या ॲक्टिव्ह टेस्टमधून पंप फुल स्पीडला चालवायचा आणि तेव्हा मोजायचं. आम्ही मोजलं तर पंपाशी ९.१ व्होल्ट! एवढ्या कमी व्होल्टेजवर पंपाच्या आतलं इलेक्ट्रॉनिक्स हात वर करू शकतं, त्यात त्याची काय चूक. पुढे मीटरची एक वायर बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी पंपाच्या प्लस पिनवर, ड्रॉप फक्त ०.२. मग बॅटरीचा मायनस ते पंपाचा मायनस, तिथे ३.२. झालं, चोर अर्थच्या बाजूला. बॅटरी ट्रेच्या खाली बॉडीला कसलेला अर्थच्या वायरीचा लग (टोकाची धातूची कडी), वरून चांगला आणि खालून हिरवागार. पॉलिश पेपर मारला, नीट कसला, वरून थोडं ग्रीस, ड्रॉप ०.१ च्या खाली आला. चांगल्या अर्थला एवढाच पाहिजे.

फ्यूजच उडत असेल तर मोठा फ्यूज टाकायचा नाही, प्लीज, वायरिंग जळते. पंपाचा कनेक्टर काढा आणि फ्यूजच्या जागी ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब जोडा. बल्ब फुल पेटला तर शॉर्ट वायरीत आहे, वायरिंग हलवत जा, जिथे हात लावल्यावर बल्ब विझतो तिथे पाहा. पावसाळ्यात आपल्याकडे उंदरांची मेहेरबानी असतेच. बल्ब पेटलाच नाही तर संशय पंपावर.

रिलेसाठी डोकं लावू नका, शेजारचा सेम नंबरचा रिले बदलून पाहा, दोन मिनिटांचं काम.

पंपाच्या कनेक्टरमधली तिसरी बारीक वायर सिग्नलची असते, बऱ्याच पंपांत तिच्यावर पीडब्ल्यूएम, म्हणजे झपाट्याने चालू-बंद होणारा सिग्नल, येतो. मीटर तिथे सरासरी दाखवतो, म्हणून ६ व्होल्ट दिसले तर घाबरू नका, तो अर्धा ड्यूटी सायकल, म्हणजे अर्धा वेळ चालू, असू शकतो. मीटरला ड्यूटीची रेंज असेल तर ती लावा. पण त्या वायरीवर टेस्ट बल्ब टोचायचा नाही, ईसीयूचं (गाडीच्या कंट्रोल कॉम्प्युटरचं) ड्रायव्हर सर्किट जाऊ शकतं आणि मग पंपाची किंमत स्वस्त वाटेल. आणि पंपाच्या पिनांमध्ये ओहम मोजून निकाल देऊ नका, आत ब्रशलेस मोटर आणि तिचं सर्किट असते, त्या आकड्याला काही अर्थ नाही.

हे सगळं नीट निघालं, दोन्ही बाजूंचा ड्रॉप कमी, सिग्नल येतोय, आणि क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती अडकवून करंट मोजतो तो) करंट शून्य, तर मग खुशाल नवीन पंप आणा. करंट आहे पण नेहमीपेक्षा फार कमी, तर आधी सिस्टिममधली हवा काढा, पंप कोरडाच फिरत असू शकतो. फक्त कूलंटचं झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडा.