संस्थेचं नाटक उभं करताना

पुण्यातल्या आमच्या प्रायोगिक नाट्यसंस्थेची कलात्मक जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा पहिला वाद झाला तो नाटकाच्या निवडीवरून. ज्येष्ठ सभासदांना राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचं होतं. १९५४ पासून चालत आलेल्या या स्पर्धेतूनच त्यांच्यातले बरेच जण घडलेत, त्यामुळे त्यांची ओढ मला समजत होती. पण निकाल लागला की चांगली चांगली नाटकं बासनात जातात, हेही मी पाहत आलोय. मला वर्षभर प्रयोग होतील असं नाटक हवं होतं. माणसं मोजकी, नेपथ्य एका टेम्पोत मावेल इतकंच. एका तरुण लेखिकेची संहिता मी कार्यकारिणीसमोर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. वाचन संपल्यावर खजिनदारच म्हणाले, "हेच करू या."

लेखिकेची लेखी परवानगी घेतली, संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाकडे, पाठवली. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत प्रयोगाची तारीख जाहीर केली नाही. हा भाग वेळेवर हाती घेतला की सुटतो.

पैशाचं तसं नाही. आमचे नट नाईट, म्हणजे प्रयोगामागचं मानधन, घेत नाहीत. नोकरी सांभाळून संध्याकाळी तालमीला येतात. पण लेखिका, प्रकाशयोजनाकार आणि बॅकस्टेजची मुलं यांचं मानधन अंदाजपत्रकात सगळ्यात वर लिहायचं, हा आग्रह मी सोडला नाही. 'संस्थेचं काम आहे' म्हणून तंत्रज्ञाला फुकट राबवणं मला मान्य नाही. तिकीट २५० रुपये ठेवलं. ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी नसतो, तेवढा हिशेब सोपा. तरी थिएटर भरूनही खर्च निघत नाही, म्हणून देणग्या लागतातच. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी ८०जी मान्यताही आहे. आमचे जुने हितचिंतक पाकिटात नोटा घालून आणतात. २००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, म्हणून त्यांना चेक मागावा लागतो. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी तिथेच पर्समधून चेकबुक काढलं आणि म्हणाल्या, "तालीम बघायला येऊ ना?" जरूर या म्हटलं. आल्या, आणि न थांबता सलग केलेली पूर्ण तालीम, म्हणजे रनथ्रू, बसून पाहिला.

एका देणगीदारानं मात्र वर्षभराचं थिएटरभाडं देऊ केलं आणि दुसऱ्या अंकातलं शेत विकण्याचं स्वगत काढायला सांगितलं. कार्यकारिणीत दोन तट पडले. मी स्वगत काढणार नाही म्हणालो. ते गेलं तर नाटकातल्या त्या बाईचा पुढचा निर्णय प्रेक्षकाला कळणारच नाही, हे नटीला उभं करून, तो प्रवेश दोन्ही प्रकारे करून दाखवला. पैसे गेले. मोठ्या थिएटरऐवजी शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर शुभारंभ केला.

जागा छोटी, म्हणून तालमीच्या हॉलमध्ये फरशीवर मास्किंग टेपनं नवी मापं आखली. लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचा उंच चौथरा, पुढे आली, विंगेतली एक एन्ट्री रद्द झाली. ते स्वगत आता पहिल्या रांगेपासून हाताच्या अंतरावर होतं. नटीनं आवाज खाली आणला, प्रकाशयोजनाकारानं स्पॉट काढून टाकला. माझ्या मते नाटक तिथे खरं बसलं.

पुढचा प्रयोग कोल्हापूरला आहे. टेम्पो ठरलाय. लाइट लावायला सकाळचं सत्रही मिळावं, म्हणून तिथल्या मंडळींशी बोलणं चालू आहे.