फॉर्ममधला पालकाचा रकाना

त्याचं खरं नाव लिहायची मला परवानगी नाही. घरात आम्ही त्याला बंड्या म्हणायचो, तेच इथे चालवते.

आम्ही दोघं इंग्लंडमध्ये फॉस्टर केअरर आहोत. ज्या मुलांना त्यांच्या घरी ठेवणं धोक्याचं ठरतं, ती कौन्सिलमार्फत, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनामार्फत, आमच्याकडे राहतात. हे दत्तक नव्हे, एवढं सांगलीच्या आईच्या गळी उतरवायलाच दोन वर्षं गेली. बंड्या आला तेव्हा आठ वर्षांचा होता. कुकरची शिट्टी झाली की थेट टेबलाखाली. मग मी आधीच "आता होणार हं" म्हणून सांगायला लागले, तसा तो कानांवर हात ठेवून मोजायला लागला. तीन झाल्या की "बंद कर" असा हुकूम! शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये आधी सांगणारं कोण? तिथे तो रोजच टेबलाखाली. वाचन तर पहिलीतल्या पोराइतकंही नाही.

त्याची केस फॅमिली कोर्टात होती. शाळेचंही जजच बघतील, असं मी धरून चालले होते. तसं नसतं. मूल कुणाकडे राहणार ते फॅमिली कोर्ट ठरवतं. शाळेत विशेष मदत कोणती, हे ईएचसी प्लॅनमध्ये, म्हणजे मुलाच्या गरजा आणि मदत लिहिलेल्या कायदेशीर कागदात, कौन्सिल ठरवतं, आणि त्यावर दाद मागायची ती सेंड ट्रायब्युनलकडे, म्हणजे विशेष शिक्षणाच्या वादांसाठीच्या वेगळ्या न्यायाधिकरणाकडे. 2014 च्या एकाच कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी दोन्हीकडे मुदत घातली आहे: कोर्टाची केस 26 आठवड्यांत, प्लॅन 20 आठवड्यांत. आमच्याकडे दोन्ही मुदती उलटल्या.

प्लॅनची मागणी केल्यावर सहाव्या आठवड्यात कौन्सिलचं पत्र आलं: बंड्याच्या गरजांची तपासणीच करणार नाही, शाळेने आधी स्वतःच्या बजेटमधून प्रयत्न करावेत. वास्तविक कायदा या टप्प्यावर एवढंच विचारतो, की मुलाला विशेष गरज असू शकते का आणि प्लॅन लागू शकतो का. "असू शकते" एवढंच दाखवायचं असतं.

आता अपील कोण करणार? कोर्टाच्या आदेशाने कौन्सिल त्याचं पालक, आणि नकारही त्याच कौन्सिलचा. सोशल वर्कर बिचारा चांगला होता, पण म्हणाला, "माझ्याच ऑफिसविरुद्ध मी सही कशी करू?" सेंडियास या विशेष शिक्षणाबद्दलच्या सल्लासेवेच्या मोफत सल्ल्यात एका बाईंनी 1996 च्या शिक्षण कायद्याचं कलम 576 दाखवलं. ज्याच्याकडे मूल सांभाळायला आहे, तोही शिक्षणाच्या कामात पालक धरला जातो. अपिलाआधी लागणारं मीडिएशनचं, म्हणजे मध्यस्थीचं, प्रमाणपत्र घेतलं, नकाराच्या पत्रापासून दोन महिन्यांच्या आत फॉर्म भरला. फी शून्य. 'पालक' या रकान्यात माझं नाव लिहिताना मात्र पेन जरा थबकलं. त्याची आई आहे, हयात आहे, महिन्यातून एकदा भेटते.

सगळ्यात जास्त दमवलं ते एका अहवालाने. कोर्टाने नेमलेल्या मानसशास्त्रज्ञांनी बंड्याच्या भाषेबद्दल, आवाजाच्या त्रासाबद्दल सगळं लिहिलेलं होतं, पण फॅमिली कोर्टाची कागदपत्रं परवानगीशिवाय बाहेर जात नाहीत. मी तर केसमध्ये पक्षकारही नव्हते. शेवटी कोर्टात मुलाची बाजू मांडायला नेमलेल्या गार्डियनने विषय काढला आणि जजनी शिक्षणापुरती पानं द्यायला सांगितलं. एवढ्याला पाच आठवडे.

सुनावणीच्या आधीच कौन्सिलने माघार घेतली. तपासणी झाली, मसुदा आला. मदतीच्या भागात लिहिलेलं: "गरजेनुसार सहाय्य उपलब्ध राहील." सरकारी पत्रातलं 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' ते हेच! मी तीनच गोष्टी विचारत राहिले: कोण, किती मिनिटं, आठवड्यातून कितीदा. दोन मसुद्यांनंतर स्पीच थेरपी आठवड्याला 30 मिनिटं, आणि जेवण छोट्या खोलीत एका मोठ्या माणसासोबत, असं आकड्यांत आलं.

प्लॅनच्या पहिल्या भागात मुलाचं स्वतःचं म्हणणं लिहितात. बंड्याने एकच वाक्य सांगितलं होतं: "शिट्टी व्हायच्या आधी मला सांगा." प्लॅन लिहिणाऱ्या बाईंचा मला फोन आला, शाळेत शिट्टी कुठे असते म्हणून.