इकडे नंबर, तिकडे लेटरबॉक्स

स्टुटगार्टला आमच्या इमारतीत जिना कोणी झाडायचा हे एक पाटी ठरवते. ज्याची पाळी संपली तो ती पुढच्याच्या दाराला अडकवतो आणि निघून जातो, बेलसुद्धा वाजवत नाही. संध्याकाळी ऑफिसातून दमून यावं, दाराला पाटी लटकलेली दिसावी, की समजायचं: या आठवड्यात जिना, तळघराच्या पायऱ्या आणि दारासमोरचा फूटपाथ आपल्याकडे. या प्रकाराला ‘केअरवोखे’ म्हणतात. बाकीच्या जर्मनीत त्याची चेष्टा होते, पण त्या भागात तो जवळजवळ धर्म आहे. मी दिवसभर गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते. अलर्ट कधी वाजावा आणि कधी वाजू नये यावर आमच्या मीटिंगा रंगतात. पण या पाटीइतकं खात्रीचं नोटिफिकेशन मला अजून कोणी बनवून दाखवलेलं नाही. ते म्यूट करता येत नाही, आणि सध्या कोणाच्या दाराला आहे हे येताजाता सगळी इमारत बघते.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीचं सगळं ग्रुपवर. ‘उद्या टाकी धुणार, दुपारपर्यंत पाणी नाही’ हा निरोप सुप्रभातच्या गुलाबांखाली गाडला जातो, आणि सकाळी कोणीतरी अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत चेअरमनच्या नावाने शंख करतं.

सुट्टीला आल्यावर हे सांगितलं की बाबांचा प्रश्न ठरलेला: “मग तिकडे कॉम्प्युटरवर आहे तरी काय?”

आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच कमी, बाबा. डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन सक्तीने इलेक्ट्रॉनिक झालं ते १ जानेवारी २०२४ पासून. त्याआधी गुलाबी कागद घेऊन केमिस्टकडे जायचं. घर मिळालं की दोन आठवड्यांत नगरपालिकेत जाऊन नाव नोंदवायचं, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. मग अकरा आकडी टॅक्स नंबर येतो, पोस्टाने. बँकेचं कार्ड येतं पोस्टाने आणि त्याचा पिन वेगळ्या पाकिटात, मुद्दाम वेगळ्या दिवशी. रेडिओ-टीव्हीची वर्गणी २०२१ पासून घरटी महिना १८.३६ युरो आहे, टीव्ही असो नसो. तिचं पत्र मात्र नवख्या माणसालाही बरोबर शोधून काढतं.

आणि हे सगळं येऊन पडतं कुठे, तर खालच्या लेटरबॉक्समध्ये. तिकडच्या पत्त्यात फ्लॅट नंबर बहुतेक ठिकाणी नसतोच. रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड, संपलं. पोस्टमन बघतो ते बॉक्सवरचं आडनाव. आडनाव नसेल तर पत्र परत. त्यामुळे नव्या घरात गॅस आणि इंटरनेटच्या आधी आपलं नाव त्या बोटभर पट्टीवर बसवायचं. आपली देशपांडे, कुलकर्णी मंडळी कशीबशी मावतात, दोन आडनावं लावणाऱ्या बायकांची पंचाईत होते. अर्ध्या बॉक्सांवर ‘कृपया जाहिराती टाकू नयेत’ असा स्टिकर असतो. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा सदाशिव पेठेतल्या एखाद्या वाड्याशी उभी आहे असं वाटलं.

थोडक्यात, तिकडे तुम्ही आहात याचा पुरावा म्हणजे तो बॉक्स. इकडे पुण्यात तो पुरावा म्हणजे दहा आकडी मोबाइल नंबर. इतकी वर्षं दोन्हीकडे ये-जा करून माझं मत पक्कं होत चाललंय, की कोण पुढे आणि कोण मागे याच्या गप्पा मारण्यापेक्षा हे बघावं: पुरावा हरवला की माणसाचं काय होतं?

आधी इकडचं कौतुक, कारण ते मनापासून आहे. मंडईत दहा रुपयांची कोथिंबीर घेतली, समोरच्या बाईने मान वर न करता जुडी पिशवीत टाकली, आणि तिच्या टोपलीशेजारच्या डबीने मराठीत पैसे आल्याचं जाहीर केलं. ती डबी ऐकून मी अजूनही थबकते. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातले व्यवहार हजार कोटींच्या वर गेले. माझ्यातल्या इंजिनिअरला भुरळ पडते ती वेगळ्याच गोष्टीची: तुमचं ॲप एका कंपनीचं, खातं दुसऱ्या बँकेत, समोरच्याचं तिसऱ्या बँकेत, तरी एकच चौकोन स्कॅन होतो. मधला रस्ता कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही, तो एनपीसीआय या बँकांच्या सामायिक संस्थेने सगळ्यांसाठी बांधला. युरोपातल्या काही मोठ्या बँकांनी मिळून ‘वेरो’ नावाचं काहीसं असंच आणलं, ते जर्मनीत सुरू झालं २०२४ च्या जुलैत. माझ्या कोपऱ्यावरच्या बेकरीला त्याचा पत्ता नाही. तिथे ‘फक्त रोख’ अशी पाटी आहे आणि ब्रेडसाठी मी चिल्लर सांभाळते.

आता गंमत बघा. या यूपीआयचं जितकं कौतुक मी ऑफिसात करते, तितकं ते मला वापरता येत नाही. माझ्या एनआरओ खात्याला, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांच्या इथल्या खात्याला, जर्मन नंबर जोडलेला आहे. जानेवारी २०२३ मध्ये एनपीसीआयने परदेशी नंबरांना परवानगी दिली ती दहा देशांच्या. अमेरिका, इंग्लंड, सिंगापूर, आखातातले देश, असे. त्या यादीत जर्मनी नव्हता. त्यामुळे लक्ष्मी रोडवर मी रोकड काढते आणि दुकानदार माझ्याकडे म्युझियममधून आल्यासारखा बघतो. रिक्षावाल्याकडे सुटे नसतात. शेवटी आईला फोन: “आई, नव्वद रुपये पाठव ना, मी क्यूआरचा फोटो टाकते.” चाळिशीच्या बाईला खाऊला पैसे मागितल्यासारखं वाटतं.

माझं ठीक आहे, मी महिन्याभराची पाहुणी. मावशीची गोष्ट वेगळी. काका जाऊन आता बराच काळ झाला, पण त्यांचा नंबर घरात जिवंत आहे. फ्रिजवर त्यांचा फोन कायम चार्जिंगला असतो आणि मावशी दर वेळी न विसरता रिचार्ज मारायला लावते. कारण गॅस त्या नंबरवर, विजेच्या बिलाचा मेसेज त्या नंबरवर, बँकेतलं जुनं जॉइंट खातंही त्याच नंबरवर. सिलिंडर घेऊन मुलगा येतो, दारातूनच ओरडतो, “मावशी, कोड!” मावशी हात पुसते, चष्मा शोधते, फ्रिजवरचा फोन काढते. तोवर वर एखादा लोनचा, एखादा दागिन्यांच्या सेलचा असे मेसेज येऊन बसलेले असतात, खालचा कोड सापडेपर्यंत मुलगा दोनदा घड्याळ बघतो. तो बिचारा चांगला आहे, फोन हातात घेऊन स्वतःच शोधून देतो. म्हणजे ज्याने सिलिंडर दिल्याचा पुरावा म्हणून कोड घ्यायचा, तोच मावशीच्या फोनमधून तो काढून घेतो. सुरक्षेच्या सगळ्या प्रेझेंटेशनांचा तिथे दारातच निकाल लागतो. या सुट्टीत आम्ही ठरवून सगळं मावशीच्या नंबरवर करायला घेतलं. नंबर बदलण्याची पहिली पायरी: जुन्या नंबरवर आलेला ओटीपी टाका. काकांचा फोन होता म्हणून निभावलं.

ओटीपी ही कल्पना काही मोबाइलबरोबर जन्मली नाही, हेही जाता जाता सांगते. जर्मन बँका वर्षानुवर्षं एकदाच चालणाऱ्या आकड्यांची छापील यादी पोस्टाने पाठवायच्या. पैसे पाठवताना बँक विचारायची, ‘४२ वा आकडा सांगा’, आपण यादीत बघून टाकायचा. युरोपच्या नव्या नियमांमुळे सप्टेंबर २०१९ मध्ये ती यादी बंद झाली. एसएमएसची तब्येतही फार ठणठणीत नाही. २०१७ मध्ये जर्मनीतच मोबाइल कंपन्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या जुन्या एसएस७ यंत्रणेतली फट वापरून चोरांनी लोकांचे बँकेचे एसएमएस मधल्या मध्ये उचलले आणि खाती साफ केली. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांत एसएमएसशिवायच्या मार्गांनाही जागा दिली आहे, ते बरंच झालं. मावशीच्या फ्रिजपर्यंत ते कधी पोहोचतं बघू.

नंबरचा दुसरा ताप दुकानात. डेक्कनला मोजे घ्या, बिल करणारी मुलगी म्हणणार, “मॅम, नंबर?” मागे रांगेत पाच माणसं, आणि पुढची बाई आपला नंबर खणखणीत आवाजात सांगते, वर पुन्हा एकदा सावकाश. ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलं होतं की नंबर दिल्याशिवाय बिल नाही असं करता येणार नाही. “नाही देत” म्हटलं की चालतं, मी करून बघते. फक्त बरोबरची माणसं लाजतात. “दे ना गं, काय होतंय,” इति माझी बहीण. तिला दिवसाला कर्जाचे किती फोन येतात ते तिलाच विचारा.

जर्मन माणूस याबाबतीत टोकाचा. जगातला पहिला डेटा संरक्षण कायदा त्यांच्या हेसेन राज्याने केला, १९७० साली. १९८३ मध्ये जनगणनेवरून एवढं रान पेटलं की तिथल्या घटना न्यायालयाने आपली माहिती कोणी कशी वापरायची हे ठरवण्याचा हक्क नागरिकाचाच, असं सांगून टाकलं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क मानला तो ऑगस्ट २०१७ मध्ये. २०१० मध्ये गूगलने तिकडे स्ट्रीट व्ह्यू आणलं तेव्हा दोन लाखांहून जास्त घरांनी आमची घरं पुसट करा म्हणून अर्ज केले. तेव्हा नकाशावर रस्ता बघत जावं तर मधेच एक आख्खी इमारत धुक्यात असायची. मला हे थोडं अतीच वाटतं, खरं सांगते. समोरून जाणाऱ्याला जे दिसतं ते लपवून काय मिळवलं? पण मोज्यांसाठी नंबर मागणाऱ्या काउंटरपुढे उभी राहिले की तेच लोक मला शहाणे वाटायला लागतात.

आता बॉक्स हरवला तर काय, तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल ही तिकडचीच तरफदारी करतेय. नवीन आलेल्या पोरांचं हाल कुत्रा खात नाही. घर मिळायला पगाराच्या स्लिपा हव्यात, पगाराला खातं हवं, खात्याला पत्ता हवा, पत्त्याला घर हवं. कोणाच्या तरी घरी महिनाभर पाहुणा राहिलेला मुलगा त्याच्या लेटरबॉक्सवर आपलं नाव सेलोटेपने चिकटवतो, मग कुठे गाडी हलते. आणि कायदा असा, की सरकारी पत्र टाकल्यापासून चौथ्या दिवशी ते तुम्हाला मिळालं असं धरतात. २०२४ पर्यंत तीन दिवस होते, टपाल मंदावलं म्हणून २०२५ पासून चार केले. तुम्ही घरी होतात की कोथरूडला आमरस खात होतात, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. मुदत सुरू झालेली असते.

म्हणून सुट्टीला निघताना मी लेटरबॉक्सची किल्ली खालच्या मजल्यावरच्या आजींकडे देते. वय ऐंशीच्या पुढे, केअरवोखेच्या बाबतीत अत्यंत कडक. त्या दर दोन-तीन दिवसांनी पाकिटं काढतात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर सरळ रेषेत मांडतात आणि फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवतात. फक्त बाहेरून. पाकीट फोडून आतलं पाठवा म्हणून मी विनवलं, तर त्यांनी साफ नकार दिला: दुसऱ्याचं पत्र उघडायचं नसतं. मग पाठवणाऱ्याचं नाव आणि पाकिटाचा रंग बघून अंदाज बांधायचा. पिवळं पाकीट म्हणजे गंभीर, ते सरकारी बजावणीचं असतं. परवाच्या फोटोत एकही पिवळं नाही, दोन बँकेची आहेत आणि एक दातांच्या डॉक्टरचं बिल दिसतंय. बिल पुण्यात बसून भरता येईल, पण रक्कम पाकिटात आहे.