पडदे नसलेला बेस

शेवटी घेतलाच. सेकंडहँड फ्रेटलेस बेस (गिटार), 9,500 रुपयांना, मंगळवार पेठेतल्या एका पोराकडून. त्याला वाजवायला जमेना, मला घेतल्याशिवाय राहवेना.

पट्टीवर पडद्यांच्या, म्हणजे सूर ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या काड्यांच्या, जागी नुसत्या फिक्या रेघा. साध्या बेसवर बोट पडद्याच्या जरा मागं ठेवायची सवय. इथं ते बरोबर रेघेवर पडावं लागतं. केसभर सरकलं की सूर बेसूर. पहिल्या रात्री आई आतून म्हणाली, "म्हस का हंबारतीया रं?"

आधीच्या मालकानं राउंडवाउंड, म्हणजे खरबरीत, तारा लावलेल्या, त्यांनी लाकडावर चरे पाडलेत. मी गुळगुळीत फ्लॅटवाउंड चढवल्या. तारांचे पैसे ऐकून घरी अजून कुणाला खरं सांगितलेलं नाही.

स्वस्ताचं म्हणून लाजायचं कशाला? रोलिंग स्टोन्स बँडच्या बिल वायमननं 1961 मध्ये असल्याच एका स्वस्त बेसचे खडखडणारे पडदे उपटले, नवे बसवणार होता, पण आवाज आवडला म्हणून तसाच ठेवला.

आता मोबाईलवर तानपुरा लावून रोज अर्धा तास एकच मींड, सा वरून न तुटता ग पर्यंत घसरत जायचं. काल एकदा नेमकी लागली. लगेच दुसऱ्यांदा केली, तर परत म्हस.